प्रकाशलहरी आणि एक वकील टीकाकार

टीकाकाराने केलेला अन्याय ग्रंथकारास किती भोवतो, याची उदाहरणे आपण बहुधा कवी आणि नाटककार यांच्या चरित्रांतून गोळा करतो. शास्त्राच्या प्रांतात असे काही घडत नसावे, तेथे प्रयोग हाच न्यायाधीश असतो आणि त्याच्यापुढे कोणाचेही वाक्पाटव चालत नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत अगदीच खोटी नाही. परंतु न्यायाधीश कितीही निःस्पृह असला तरी त्याच्यापुढे खटला उभा राहावा लागतो, आणि तो उभाच राहू नये अशी तजवीज एखादा चतुर वकील करू शकतो. प्रकाश हा कणांचा वर्षाव आहे की लहरींचा प्रवास आहे, या वादात १८०३ व १८०४ या वर्षांत नेमके असेच घडले. लहरींची बाजू मांडणारा होता लंडनमधील टॉमस यंग नावाचा तरुण वैद्य. त्याच्यावर शस्त्र उगारणारा टीकाकार होता हेन्री ब्रूम, एडिंबरोचा नवोदित वकील, जो पुढे १८३० साली इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय ब्रूमचाच असल्यामुळे या टीकालेखांचे परीक्षण करण्याचा थोडासा अधिकार त्यास आहे, आणि थोडीशी जबाबदारीही.

वादाचा मुद्दा प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. आवाज हा लहरींचा प्रवास आहे याविषयी यंगच्या काळी दुमत नव्हते. घंटेवर टोला पडला म्हणजे तिची कड थरथरते. ती थरथर लगतच्या हवेस पुढे लोटते व मागे ओढते. हवेचा तो थर पुढच्या थरास लोटतो, आणि अशा रीतीने दाट व विरळ थरांची एक परंपरा सेकंदास सुमारे ३४० मीटर वेगाने आपल्या कानापर्यंत येऊन पोचते. घंटेजवळची हवा स्वतः कानापर्यंत येत नाही. येतो तो हेलकावा. भाताच्या शेतावरून वारा गेला असता लोंब्या जागच्या जागीच डोलतात, लाट मात्र बांधापर्यंत जाते, तसेच हे.

मग प्रकाशही असाच का नसावा? हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तसे प्रतिपादन केलेही होते. त्यावर न्यूटनचा आक्षेप अतिशय मार्मिक होता, आणि तो कोणत्याही देवळात बसल्या जागी पटण्याजोगा आहे. सभामंडपाच्या जाड खांबाआड बसलेल्या माणसास गाभाऱ्यातील घंटा ऐकू येते, समईची ज्योत मात्र दिसत नाही. न्यूटननेही घंटेचेच उदाहरण घेतले होते. त्याच्या उदाहरणात मध्ये खांबाऐवजी टेकडी होती, एवढेच. लहर असेल तर ती अडथळ्यास वळसा घालील. प्रकाश वळसा घालीत नाही, त्याची सावली रेखीव पडते. सबब प्रकाश ही लहर नव्हे. भिंतींवरून परतणारा नादही आपल्या कानी येतो हे खरे. पण भिंती नसलेल्या मोकळ्या माळावरही घंटा टेकडीआडून ऐकू येते, तेव्हा आक्षेपाचे बळ तेवढ्याने कमी होत नाही. न्यूटनचा प्रकाशविषयक ग्रंथ १७०४ साली आला, आणि त्याच्या नावाच्या वजनामुळे पुढील शंभर वर्षे इंग्लंडात कणांचा पक्षच प्रबळ राहिला.

यंग प्रकाशाकडे आला तो कानाच्या वाटेने. १७७३ साली जन्मलेला हा गृहस्थ डोळ्याच्या भिंगावरील संशोधनाबद्दल वयाच्या एकविसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचा सभासद झाला होता. पण १८०० साली त्याने सोसायटीपुढे जो निबंध ठेवला त्यात ध्वनी व प्रकाश या दोहोंचा एकत्र विचार होता. भजनापूर्वी तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळविल्या जात असताना जो जवळ बसला असेल, त्यास यंगची विचारसरणी समजण्यास गणिताची गरज पडणार नाही. दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, म्हणजे स्वर एकसारखा न राहता फुगतो आणि ओसरतो. एक तार सेकंदास २४० वेळा व दुसरी २४२ वेळा कंप पावत असेल तर हा चढउतार सेकंदास बरोबर दोन वेळा होतो. दोन्ही तारा ज्या क्षणी हवेस एकाच वेळी लोटतात त्या क्षणी आवाज वाढतो. एक लोटते आणि दुसरी ओढते त्या क्षणी तो मंदावतो. तात्पर्य, आवाजात आवाज मिळविला असता शांतता उत्पन्न होऊ शकते. यंगचा प्रश्न असा होता की, प्रकाशात प्रकाश मिळविला असता अंधार उत्पन्न होईल काय? होत असेल तर कणांच्या पक्षास ते जड जाईल. कारण धान्याच्या राशीत आणखी मूठभर धान्य टाकल्याने रास कधी कमी होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर १८०१ च्या नोव्हेंबरात सोसायटीपुढे वाचलेल्या व्याख्यानात त्याने दिले, आणि ते देताना वकिलासही हेवा वाटावा अशी एक युक्ती योजिली. त्याने स्वतःचा साक्षीदार न बोलाविता प्रतिपक्षाच्याच साक्षीदारास पुन्हा पिंजऱ्यात उभे केले. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवले असता त्यांच्यामधील पातळ फटीत रंगीत कडी दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात तेलाचा थेंब सांडला असता जे रंग दिसतात त्यांच्याच जातीची ही कडी. न्यूटनने त्या फटीची जाडी कड्यागणिक विलक्षण काटेकोरपणे मोजून ठेवली होती. यंगने त्याच आकड्यांवरून हिशेब केला: फटीच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या दोन लहरींचे उंचवटे एकमेकांवर पडले तर तेज, एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा पडला तर अंधार. या क्रियेस आज आपण व्यतिकरण म्हणतो. हिशेबाअंती असे निघाले की, तांबड्या टोकाच्या प्रकाशाच्या ३७,६४० लहरी एका इंचात मावतात व जांभळ्या टोकाच्या ५९,७५०. आजच्या मापाने सांगावयाचे तर एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यांतील सुमारे ६७५ भाग ही पहिलीची लांबी आणि ४२५ भाग ही दुसरीची. दोनशेहून अधिक वर्षांनंतरही हे आकडे टिकून आहेत.

न्यूटनच्या आक्षेपाचे उत्तरही याच आकड्यांत आहे. सेकंदास २४० कंपने असलेल्या स्वराची एक लहर सुमारे १.४ मीटर लांब असते. सभामंडपाचा खांब तिच्यापुढे लहान ठरतो. प्रकाशाच्या लहरीस तोच खांब डोंगराच्या रांगेसारखा आहे. समुद्राची लाट होडी बांधण्याच्या खुंटास वळसा घालून पुढे जाते, पण बंदराच्या लांबलचक भिंतीमागे पाणी शांत राहते. लाट तीच, अडथळ्याच्या मापाने फरक पडतो. प्रकाशही वळसा घालतो, पण तो इतका सूक्ष्म असतो की खांबाच्या सावलीत तो शोधून सापडावयाचा नाही; तो पाहावयास अडथळाही तितकाच बारीक हवा.

आता टीकेकडे वळू. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ हे नियतकालिक १८०२ च्या ऑक्टोबरात निघाले; ब्रूम त्याच्या चालकांपैकी एक होता. जानेवारी १८०३ च्या दुसऱ्याच अंकात यंगच्या निबंधांवर लेख आला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्यावर लेखकाचे नाव नव्हते. यंगच्या निबंधांत प्रयोग किंवा शोध या नावास पात्र असे काहीच नाही, असा त्यात अभिप्राय होता. असले लेखन सोसायटीने छापावे याबद्दल विषाद होता. आणि न्यूटनने घालून दिलेला मार्ग सोडून शास्त्र कल्पनेच्या रानात शिरू पाहत आहे, असा इशारा होता. यंग आपली मते बदलतो, हाही एक आरोप होता.

भाषा म्हणून पाहिले तर हे लेखन सामान्य नव्हे. वाक्ये तोलदार आहेत, उपहास नेमक्या जागी येतो, आणि वाचकास निर्णयापर्यंत ढकलीत नेण्याचे कसब पानोपानी जाणवते. दोष आहे तो पुराव्याच्या ठिकाणी. न्यायालयात पूर्वनिर्णयाचा आधार घेता येतो, कारण कायदा हा माणसांनी ठरविलेला असतो आणि पूर्वी काय ठरले याला तेथे स्वतःचे मोल असते. काचेच्या फटीतील रंगास न्यूटनचा निर्णय बंधनकारक नसतो. ब्रूमने न्यायालयातील सवय प्रयोगशाळेत नेली आणि न्यूटनचे नाव हाच पुरावा म्हणून पुढे केला. त्यातही विलक्षण गोष्ट अशी की, यंगचा सारा हिशेब ज्या मोजमापांवर उभा होता ती न्यूटनचीच होती. त्यांतील एकाही आकड्याची फेरतपासणी ब्रूमने केली नाही. आणखी एक गोष्ट आज उघड आहे. १७९६ व १७९७ साली ब्रूमने स्वतः कणांच्या पक्षास धरून प्रकाशावर निबंध लिहिले होते व ते सोसायटीच्याच नियतकालिकात छापून आले होते. ज्याचे स्वतःचे हित वादात गुंतले आहे त्याने न्यायासनावर बसू नये, हा नियम ब्रूमला शिकविण्याची गरज नव्हती. निनावी लेखाने ते हित झाकले गेले.

यंगचा पुढचा निबंध नोव्हेंबर १८०३ मध्ये वाचला गेला. पूर्वीच्या व्याख्यानात त्याने चार गृहीतके आधी मांडून मग सिद्धांत सांगितले होते. विश्व व्यापून राहिलेले ईथर नावाचे सूक्ष्म द्रव्य हे त्यांतील पहिले. ही मांडणी वादीने फिर्यादीतच निकालपत्र जोडावे तशी होती, आणि टीकाकारास हत्यार तिनेच दिले. नव्या निबंधात ईथर बाजूस ठेवून तो थेट प्रयोगाने आरंभ करतो. खिडकीच्या झडपेस बारीक छिद्र पाडून उन्हाची एक तिरीप आत घ्यावयाची, आणि तिच्या वाटेत इंचाचा तिसावा भाग रुंदीची कागदी पट्टी धरावयाची. पट्टीच्या सावलीच्या आत उभे रंगीत पट्टे दिसतात, आणि सावलीचा मध्य पांढरा राहतो. येथवर कोणी म्हणेल की, पट्टीच्या कडा प्रकाशास आत ओढून घेत असतील. म्हणून यंग पुढची पायरी घेतो. पट्टीच्या एकाच बाजूने जाणारा प्रकाश तो आडोसा धरून अडवितो, आणि सावलीतील सारे पट्टे तत्काळ नाहीसे होतात. दुसऱ्या कडेवरून येणारा प्रकाश तर तसाच चालू आहे; मग पट्टे का गेले? कारण ते कोणा एका कडेचे नव्हतेच, दोन्ही बाजूंच्या प्रकाशांच्या भेटीतून ते उत्पन्न होत होते. उलटतपासणीत एकच प्रश्न विचारून साक्षीदाराकडून सारे वदवून घ्यावे, तसा हा आडोसा आहे.

ब्रूमने १८०४ च्या ऑक्टोबरात यावरही लेख लिहिला, आणि हा प्रयोग चुकीचा असला पाहिजे असे गृहीत धरून तो पुढे गेला. त्याने तो करून पाहिला नाही. एक झडप, एक आरसा, कागदाची पट्टी आणि एक उन्हाचा दिवस, एवढ्या सामग्रीत ज्याची शहानिशा झाली असती त्या गोष्टीवर त्याने कित्येक पाने तर्क केला. माझ्या मते त्याच्या टीकेतील अक्षम्य भाग हाच. कठोरपणा क्षम्य आहे, उपहासही क्षम्य आहे. साक्षीदार दाराशी उभा असताना त्यास न बोलाविता तो खोटा आहे असे म्हणणे क्षम्य नाही.

यंगने उत्तरादाखल एक पुस्तिका काढली. तिची एकच प्रत विकली गेली असे सांगतात. या दुर्दैवी पुस्तिकेतच व्यतिकरणाचे त्याने केलेले सर्वांत सुबोध विवेचन आहे. शांत तळ्यावरून सारख्या लाटा येत आहेत व तळ्यातून निघणाऱ्या अरुंद पाटात शिरत आहेत. दुसरीकडून तशाच लाटांची दुसरी रांग त्याच वेगाने त्याच पाटात येत आहे. दोन्ही रांगांचे उंचवटे एकत्र आले तर मोठ्या लाटा होतील. एकीचे उंचवटे दुसरीच्या खळग्यांत पडले तर पाटातील पाणी सपाट राहील. सोसायटीपुढील निबंधांत जे यंगला साधले नव्हते ते प्रतिपक्षाने डिवचल्यावर साधले. यंगची शैली हा त्याचा खरा शत्रू होता. तो दोन पायऱ्या एकदम चढतो, आणि वाचक मागे राहिला हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून लहरींचा सिद्धांत पुढील दहाबारा वर्षे इंग्लंडात अडगळीत पडला याचा सर्व दोष ब्रूमच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. १८०७ साली यंगच्या व्याख्यानांचे दोन भारदस्त खंड निघाले, त्यांत दोन छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशाचा विचार आहे. त्या खंडांवर ब्रूमचे शस्त्र चालले नव्हते, तरीही त्या सिद्धांताचे भाग्य लगेच उजाडले नाही.

विरोध कसा करावा याचा पाठ पंधरा वर्षांनी पॅरिसमध्ये मिळाला. फ्रेंच अकादमीने अडथळ्याच्या कडेशी प्रकाश कसा वळतो या विषयावर बक्षीस लाविले होते. ओग्युस्तँ फ्रेनेल या तरुण अभियंत्याने १८१८ साली लहरींच्या सिद्धांतास संपूर्ण गणिती रूप देऊन आपला निबंध पाठविला. परीक्षकांत सिमेओं प्वासाँ हा गणिती होता, आणि तो कणांच्या पक्षाचा होता. त्याने उपहास केला नाही. फ्रेनेलची समीकरणे त्याने स्वतः पुढे सोडविली आणि दाखवून दिले की, ती खरी मानली तर एका वाटोळ्या चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यभागी, जेथे सर्वांत गडद अंधार हवा तेथे, तेजस्वी ठिपका दिसला पाहिजे. इतकी असंभाव्य गोष्ट ज्यातून निघते तो सिद्धांतच फसला, असा त्याचा रोख होता. दुसरा परीक्षक फ्रान्स्वा आरागो याने दोन मिलिमीटर व्यासाची चकती मेणाने काचेस चिकटवून प्रयोग केला. ठिपका दिसला. असाच ठिपका माराल्दी नावाच्या शास्त्रज्ञास १७२३ सालीच दिसला होता. पण तो कशाचा पुरावा आहे हे सांगणारा सिद्धांत त्या वेळी मैदानात नसल्याने ती साक्ष वाया गेली होती. १८१९ साली बक्षीस फ्रेनेलला मिळाले. प्वासाँचे मत पालटले नाही, तरी त्याच्या विरोधाने सिद्धांताचे जितके भले झाले तितके दहा मित्रांनी झाले नसते. म्हणूनच तो ठिपका आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

ब्रूमच्या बाजूने जे म्हणता येईल तेही नोंदविले पाहिजे. ध्वनीच्या उपमेने यंगला वाट दाखविली, तशी तिने त्यास चुकविलेही. हवेतील ध्वनीची लहर ज्या दिशेने जाते त्याच दिशेने हवा मागेपुढे होते. प्रकाशाचेही तसेच असेल असे तो मानून चालला होता. काही स्फटिकांतून किंवा काचेवरून परतल्यानंतर प्रकाशास जे एकांगी रूप येते, त्याचा उलगडा या कल्पनेने होईना. अखेर १८१७ साली आरागोस लिहिलेल्या पत्रात यंगने सुचविले की, प्रकाशाचे कंपन त्याच्या वाटेस आडवे असावे. फ्रेनेलने ती कल्पना पूर्णत्वास नेली. १८५० साली फुकोने पाण्यात प्रकाश हवेपेक्षा मंद चालतो हे दाखविले. कणांच्या मताप्रमाणे तो पाण्यात अधिक वेगाने चालावयास हवा होता. पण ज्या ईथरची ब्रूमने थट्टा केली त्याचा ठाव १८८७ च्या मायकेलसन व मॉर्ली यांच्या प्रयोगासही लागला नाही, आणि १९०५ नंतर शास्त्रास त्याची गरज उरली नाही. त्याच वर्षी आइन्स्टाइनने प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांनी येते असे प्रतिपादिले, आणि कणांच्या पक्षास नव्या रूपाने न्यायालयात प्रवेश मिळाला. १९०९ साली जी. आय. टेलर याने मैलभर अंतरावरील मेणबत्तीइतका क्षीण प्रकाश घेऊन, सुमारे तीन महिने छायाचित्राची काच उघडी ठेवून, सुईच्या सावलीचे चित्र घेतले. लहरींचे पट्टे तेव्हाही तितकेच स्पष्ट उमटले. आज आपण असे मानतो की, प्रकाश पोचतो तेव्हा सुट्या पुड्यांनी पोचतो, पण कोठे पोचेल याचा हिशेब लहरींच्या नियमाने करावा लागतो. तेव्हा ईथराविषयीचा ब्रूमचा संशय शेवटी खरा ठरला. परंतु ज्याने पुरावा तपासलाच नाही त्याचा निष्कर्ष बरोबर आला तरी त्यास आपण निर्णय म्हणत नाही, तो योगायोग होय.

हा वाद परदेशचा आणि जुना म्हणून सोडून देण्यासारखा नाही. घंटानाद, शंखनाद, मंत्रोच्चार यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात ‘लहरी’ आणि ‘कंपने’ हे शब्द आज सर्रास येतात. लहर किती लांबीची, कंपने सेकंदास किती आणि ती कोणी कशाने मोजली, हे लेखक सांगत नाही; आणि दुसऱ्या बाजूचा टीकाकार तेवढेच विचारण्याऐवजी थट्टा करून मोकळा होतो. पहिल्याने यंगची मेहनत घेतलेली नसते, दुसऱ्याने प्वासाँची. घंटेच्या मांगल्यास मोजपट्टीची आवश्यकता नाही, आणि भाविकाने ती लावावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु शास्त्राचा शब्द एकदा वापरला की शास्त्राची उलटतपासणीही पत्करावी लागते, आणि ती करणाऱ्याने आपले नाव खाली लिहून, समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत नेऊन पाहूनच ती करावी. ज्यांस हे लांबचे वाटेल त्यांनी एखाद्या स्वच्छ सकाळी पूर्वेकडची खिडकी बंद करून, झडपेस सुईने छिद्र पाडून, कागदाची बारीक पट्टी उन्हाच्या तिरिपीत धरून पाहावी. ब्रूमने जे पाहावयाचे टाळले ते पाहण्यास अर्धा तास पुरेल.